कोरड्या हौदातली टेप

२ मार्च १९८६

जेद्दाहून रियाजचं पत्र आलं. खातूनबी मावशीला वाचता येत नाही. शेजारधर्म म्हणून मीच वाचून दाखवलं, आणि वाचता वाचता माझंच तोंड उतरलं. गेल्या महिन्यात तिच्या ओसरीवर बसून मीच तिच्या बोलण्याची टेप भरून दिली होती. पोरानं लिहिलंय — बसवराज काका, टेपमध्ये हापसा ऐकू येतो, घागरी ऐकू येतात, बायकांची भांडणं येतात, डाळ मिलची घरघर येते. अम्मीचं एक अक्षर कळत नाही.

वीस वर्षं रेडिओ दुरुस्त करतोय मी! लाज वाटली.

मावशी म्हणाली, "बसू, अशी टेप कर की त्याला निस्ती मीच ऐकू आले पाहिजे. मी ठीक हाय, येवढं त्याच्या कानावर पडलं की बास. न्हाई तर दुष्काळाचं ऐकून, करार मोडून पळत येईल ते."

कराराचं अजून एक वर्ष आहे. तो आला की त्याच्या बहिणीचं, बानोचं लग्न करायचं ठरलंय. पोरीची ही एकच गोष्ट मावशीच्या डोक्यात असते.

हो म्हणून बसलो. आता करायचं कसं?

४ मार्च

एकदा भजनी मंडळाबरोबर परभणीच्या आकाशवाणीत गेलो होतो. तिथली ती रेकॉर्डिंगची खोली अजून डोक्यातून गेलेली नाही. दार लावलं की बाहेरचं जगच नाही! तशी खोली घरात करायची. बायकोला, शिवकांताला सांगितलं. ती म्हणाली, "आधी मोरीचं दार नीट लावा, मग जगाचं लावा."

आमच्या गल्लीत शांतता फक्त वीज गेल्यावर असते. मिल बंद, सगळं बंद. पण माझं यंत्र विजेवरचं, तेव्हा तेही बंद!

७ मार्च

कुणीतरी सांगितलं, भिंतीला अंड्यांचे ट्रे लावले की आवाज घुमत नाही. चांदपाशाच्या दुकानातून चाळीस ट्रे उचलून आणले. शिवकांतानं उंबऱ्यातच अडवलं.

"लिंगायताच्या घरात अंडी?"

अंडी नाहीत, नुसते ट्रे, म्हटलं.

"मग ते गल्लीभर सांगत फिरा."

चाळीस ट्रे परत. चांदपाशा पोट धरून हसला. हसू दे.

११ मार्च

सापडली! खोली सापडली!

सकाळी अंगणातल्या हौदात गाळ काढायला उतरलो होतो. लातूर जिल्हा झाला त्या वर्षी घरोघरी पाणी येणार म्हणून हौसेनं बांधला हा हौद. पुरुषभर खोल. जिल्ह्याला कलेक्टर आले, कचेरीवर पाटी आली. पाणी मात्र यंदा संक्रांतीलाच आटलं. तर आत उभा होतो आणि शिवकांतानं वरून झाकण ढकललं, उन्हानं गाळ वाळून घट्ट होऊ नये म्हणून. एकदम सगळं थांबलं. हापसा नाही, मिल नाही. माझी मलाच धडधड ऐकू आली.

दुष्काळानं मला एवढं एक दिलं म्हणायचं.

१२ मार्च

हौदात "हॅलो" म्हटलं की हौद तीनदा "हॅलो" म्हणतो. आनंदावर विरजण.

१९ मार्च

मिलच्या मुनीमाकडून जुन्या पोत्यांचं बारदान मिळालं. धुवायला पाणी कुठलं? झोडपून झोडपून भुसा काढला, तीन दिवस उन्हात घातलं. दुहेरी करून चारी भिंतींना ठोकलं. खाली दोन गोधड्या. झाकणाला आतून कापसाची गादी. टेपरेकॉर्डर वरच ठेवायचा, कारण त्याच्या मोटरचाही आवाज येतो. माइकची वायर झाकणाच्या फटीतून खाली सोडली. माझं डोकं कधी कधी बरं चालतं.

शिवकांता विचारते, "आणि पाणी आलं तर?" म्हटलं, आलं तर आनंदानं बुडू.

२४ मार्च

चाचणी. शिवकांताला खाली बसवलं. काहीही बोल म्हटलं. वर येऊन टेप लावली — "ऐका हो लातूरकर, माझ्या नवऱ्यानं हौदात संसार मांडलाय. पाहुण्यांनी शिडी लावून यावं." अक्षर न् अक्षर स्वच्छ! मागं काही नाही! मी तीनदा ऐकलं. चौथ्यांदा लावली तेव्हा तिनंच बंद केली. लाजली होती.

२७ मार्च

आज मावशीची टेप भरली. नवं लुगडं नेसून आली. टेपसाठी! म्हटलं, दिसत नाही त्यात. म्हणाली, "मला तर दिसतं ना."

शिडीच्या प्रत्येक पायरीवर थांबत उतरली. वय झालं. बावीस वर्षं मिलमध्ये डाळ निवडली तिनं, गुडघे काय राहणार? रियाजनंच जेद्दाहून पाठवलेली कोरी कॅसेट घातली. चांगली असणार म्हणून.

खाली एकटी बसून बोलली. "रियाज, मेरी फिकर नको कर रे. पानी है, सब है. मैं खाती, सोती, चंगी हूँ. तू काम पूरा करकेच आ." सगळं खोटं. परवा एका घागरीसाठी चार तास रांगेत होती.

संध्याकाळी टेप नीट ऐकली. आवाज स्वच्छ. पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक बारीक शिट्टी! विझत आलेल्या स्टोव्हसारखी. ही कुठून आली?

२८ मार्च

टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटनं पुसलं. शिट्टी आहेच.

३० मार्च

वायर बदलली. माइक उघडून पाहिला. दुसऱ्या कॅसेटवर माझाच आवाज भरला — शिट्टी नाही. म्हणजे यंत्र निर्दोष. जेद्दाची कॅसेटच खराब! नाव मोठं, लक्षण खोटं.

मावशीला म्हटलं, एकदा पुन्हा बोल, दुसऱ्या कॅसेटवर. "न्हाई रे बाबा. ती शिडी आता नको. वर येताना जीव गेला माझा. समजतंय ना त्याला बोललेलं? मग दे पाठवून."

समजतंय. पण एवढं करून शिट्टी राहिलीच.

३ एप्रिल

उदगीरचा एक माणूस जेद्दाला निघालाय, आजच्या आज कॅसेट द्या म्हणून दारात उभा. घाईत हौदात उतरलो आणि त्याच कॅसेटच्या शेवटी स्वतः बोललो — "रियाज, मी बसवराज काका. अम्मीचं बोलणं नीट ऐक. मध्ये शिट्टी येते ती कॅसेटची आहे, तिकडं लक्ष देऊ नको." परत ऐकायलाही वेळ नव्हता. पाकीट चिकटवलं, दिलं.

कारागिरानं आपल्या कामातली खोट आपणच सांगावी. मन हलकं झालं.

१५ एप्रिल

आठ दिवस टँकर नाही.

११ मे

रियाजची तार. "निघालो. येतोय."

दुसरं काही नाही. करार मोडून येतोय म्हणजे!

मावशी माझ्या दारात आली ती रागानंच. "मी चंगी हाय म्हून सांगितलं. मग ते का येतंय? शेवटाला तू काय बोललास त्याला?" मी म्हटलं, फक्त शिट्टीचं सांगितलं. "कशाची शिट्टी? दुष्काळाचं बोलला असशील तू. बानोचं लग्न घालवलंस, बसू."

बोलता बोलता खोकला आला, भिंत धरून बसली. पाणी पुढं केलं तर घेतलं नाही. शिवकांताच्या हातून घेतलं.

१३ मे

मावशी ओसरीवर असली की मी मागच्या दारानं जातो. हौदाचं झाकण उघडलेलं नाही. बारदान काढून मिलला परत करावं म्हणतो.

१७ मे

रियाज आला. बॅग ओसरीवर टाकली आणि मावशीला रिक्षात बसवून तसाच दवाखान्यात. छातीचा फोटो काढला. दोन्ही बाजूंना डाग आहेत. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, औषध आहे यावर.

संध्याकाळी माझ्याकडं आला. मी मान खाली घालूनच विचारलं, टेप नीट ऐकू आली नाही का रे?

"लई नीट आली, काका. शेवटी तुम्ही बोललात ना, तवा शिट्टी नव्हती."