निकालाआधीचे न्यायाधीश

तीर्थरूप मावशीस,

वैमानिक भाच्याचा (सध्या जामिनावर) साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? शिलाई मशीन पायाने चालवू नकोस असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते तू ऐकलं नसशील हे गृहीत धरून पुढे लिहितो.

विमान धावपट्टी सोडून चिखलात गेलं, कित्येक जखमी झाले, एक म्हातारे गृहस्थ गेले. त्यावर थट्टा नाही. पण चुकलं कोणाचं, ब्रेकचं, पावसाचं की माझं, हे न्यायालयात ठरतंय. आमच्या इमारतीत मात्र ते पहिल्याच संध्याकाळी ठरलं. तळमजल्यावरचे निवृत्त कापडदुकानदार (त्यांना सगळे ‘कॅप्टन’ म्हणतात आणि मला ‘तो’) ताटलीवर चमचा विमानासारखा उतरवून माझी चूक दाखवतात. चमचा दर वेळी टेबलाखाली पडतो, आणि त्याचंही खापर माझ्यावरच. मी लिफ्टमध्ये शिरलो की लोकांना एकदम जिन्याचे फायदे आठवतात. शेवटी, निकाल लागेपर्यंत मी दुसरीकडे राहावं, असा ठराव करायला गच्चीवर सभा बोलावली.

आणि नेमकी आदल्या दिवशी तू टीव्हीवर! वार्ताहर तुझ्या दुकानाच्या दारात उभा राहून विचारतोय, भाचा लहानपणापासूनच बेफिकीर होता का? आणि तू सुईत दोरा ओवता ओवता, मान वर न करता म्हणालीस, “खटला चालू आहे, निकाल न्यायालय देईल. कपडे शिवायचे असतील तर माप द्या, नाहीतर उजेड अडवू नका.”

सभेत कॅप्टन चमचा घेऊन उभे राहिले, तोच दुसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यबाई म्हणाल्या, “माप द्या, नाहीतर उजेड अडवू नका!” हशा पिकला. कॅप्टनही हसले. ठराव बारगळला. खाली येताना लिफ्टमध्ये आम्ही दाटीवाटीने उभे, कोणाची तरी छत्री माझ्या बरगडीत रुतलेली. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! काल कॅप्टननी हळूच विचारलं, “खरंच, त्या दिवशी ब्रेक लागले होते का हो?” म्हटलं, “ते न्यायालयातच सांगेन.” तर म्हणाले, “बरोबर, बरोबर,” आणि चहा पाजला. मावशी, हे उपकार कुठे फेडू?

तुझाच,
भाचा

ता.क. सोबत कोट पाठवतोय. मी वाळलोय, तो खांद्यावरून घसरतो, आणि परवा एका वाहिनीवर तज्ज्ञ म्हणाले, ‘खांदे पडलेत, म्हणजे मनातून कबुली दिली.’ पुढच्या तारखेआधी तेवढे खांदे उचलून दे. (खरं तर पत्र यासाठीच.)

ता.क. दुसरा. कानावर आलंय की हल्ली तू गिऱ्हाइकांना ‘माझा भाचा निर्दोष आहे’ असं ठणकावतेस आणि शंका घेणाऱ्याचं कापड परत करतेस. माझ्या वकीलबाईंनी हात जोडलेत. अगं, तोही निकालच झाला! तू नुसतं ‘माझा भाचा आहे’ म्हण. त्याला पुरावा लागत नाही.