ग्लेबची मेणबत्ती

लाडक्या आईस,

तुझ्या ताईसियाचा आणि नात झ्लाताचा गोड पापा. आम्ही मजेत आहोत. तुझं दुखणं कसं आहे ते खरं खरं कळव. फोनवर तू नुसतं "बरंय" म्हणतेस.

रविवारी आम्ही तिघं फिरायला गेलो. आधी कालव्याकाठचं निळं चर्च पाहिलं. आत सोनंच सोनं! ग्लेब एरवी चर्चची पायरी चढत नाही, पण त्यानं गुपचूप तुझ्यासाठी मेणबत्ती लावली. लावली कुठे, तर मेलेल्यांसाठी लावतात त्या चौकोनी टेबलावर!

तिथल्या म्हातारीनं विचारलं, "कोणासाठी?"

"सासूबाईंसाठी."

"कधी गेल्या?"

"जिवंत आहेत!"

"मग एवढी घाई कसली तुम्हाला?"

ग्लेब पांढराफटक पडला. मग संतांच्या तसबिरीपुढे दुसरी लावली, तरी नंतर राजवाड्याच्या बागेत गेलो तेव्हाही त्याचं कशात लक्ष लागेना. झ्लाता कारंज्यांत भिजून चिंब, आणि हा माझ्यामागे, "आईंना फोन लाव."

तोच तो दुपारचा फोन. तू ओरडलीस, "आत्ताच सुचलं का? ओव्हनमध्ये माझा कोबीचा पिरोग करपतोय! आणि तुझ्या त्या बोकडाला म्हणावं, दाढी कर आधी!"

ग्लेब बाकावर बसून डोळे पुसत हसला. म्हणाला, "शिव्या देतायत! ठणठणीत आहेत!"

तुझ्या ऑपरेशनला तो रजा काढून तिकडे येतोय. तुला सांगू नको म्हणालाय. दारात दिसला की आधी चांगली खरडपट्टी काढ त्याची. त्याला धीर येईल.

तुझ्या पत्राच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
ताईसिया