बाहेरची कडी

हे मृत्युपत्र मी, शिवणकामावर पोट भरलेली, वय वर्षे एकाहत्तर, आपखुशीने लिहून ठेवते. कोणाचा दबाव नाही, नशापाणी नाही आणि डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. वकील म्हणाले, "आजी, तो मी सगळ्यांकडेच मागतो." मी म्हटले, "माझ्याकडे दोन मागा. मला एकदा वेडी ठरवून झालंय."

१. राहते घर सासऱ्यांचे होते. दिरांनी ते विकायला काढले तेव्हा मी शिलाईच्या कमाईतून विकत घेतले. ते माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते पूर्णपणे माझ्या सुनेला द्यावे. मुलाला नाही, दोघांत मिळूनही नाही. तो रागावेल. रागावू दे.

कारण लिहिते. बाळंत झाल्यापासून सून गप्प आहे. भिंतीकडे तोंड करून पडून असते, बाळ रडले की कानांवर हात ठेवते. मुलगा म्हणतो, "नाटकं आहेत, आई. तिला माहेरी पाठवू, बाळ इथेच राहील. नीट झाली की येईल." हेच वाक्य याच घरात माझ्याबद्दल बोलले गेले आहे. मी आहे तोवर मी तिला जाऊ देणार नाही; माझ्यामागे घर तिचे असेल, म्हणजे तिला घालवणारे कोणी उरणार नाही.

२. मागची खोली. मला मुलगी झाली तेव्हा माझेही असेच झाले होते. झोप उडाली, दूध आटले, आणि बाळ हातून पडेल या भीतीने मी तिला जवळच घेईना. सासूबाईंना वाटले, मुलगी झाली म्हणून मी तोंड पाडून बसले आहे. त्यांनी आधी समजूत घातली, मग टाकून बोलल्या, मग या खोलीच्या दाराला बाहेरून कडी बसवून घेतली. पुढे इस्पितळ. शेजारीपाजारी सांगितले, बाहेरगावी गेली आहे. नवरा एकदाही भेटायला आला नाही.

परत आले तेव्हा मुलगी चालायला लागली होती. मोठ्या जाऊबाईंच्या मागे लपून तिने मला पाहिले. जाऊबाई म्हणाल्या, "बघ, काकू आली." तेव्हापासून मी काकू.

जाऊबाईंना मूल नव्हते. त्यांनी माझ्या मुलीला जीव लावला, त्यात मी खोट काढणार नाही. पण एकदा, एकदाच, तिला माझ्या मांडीवर ठेवून "ही तुझी आई" म्हणाल्या असत्या, तर त्यांचे काय गेले असते? त्या गेल्या, राग मात्र अजून आहे. तो कोणाच्या नावे करत नाही, बरोबर नेते.

घर हातात आल्यावर पहिल्यांदा ती कडी उपटली. मशीनच्या ड्रॉवरमध्ये आहे, भंगारात द्यावी. आतली कडी राहू द्यावी. सुनेला दार लावून बसावेसे वाटले तर बसू दे, कोणी धडका मारू नयेत.

३. शिलाई मशीन मुलाला. सुनेला शिवण आवडत नाही, आणि आवडलीच पाहिजे असे नाही. आपल्या लेकीची झबली त्याने शिवावीत. मी शिकवायला घेतले आहे; टीप वाकडी येते, पण येते.

मुला, तुझ्या वेळीही माझे तेच झाले होते. फक्त तेव्हा कडी आठवत होती, म्हणून मी हसत राहिले. मशीन चालवताना गाणी म्हणायचे, म्हणजे रडणे ऐकू जात नसे. तू सगळ्यांना कौतुकाने सांगतोस, आमची आई कायम हसतमुख. ती भीती होती रे.

४. बँकेत माझ्यामागे उरेल ती ठेव सुनेच्या उपचारांसाठी. डॉक्टरीणबाई म्हणतात, हा आजार आहे आणि तो बरा होतो. मला हे इतक्या वर्षांत कोणी सांगितले नव्हते. परवा सून पहिल्यांदा बोलली. "आई, मला तिला हात लावायचीच भीती वाटते." मी म्हटले, "मलाही वाटायची गं." मग बाळाला मध्ये ठेवून दोघी बराच वेळ बसून राहिलो.

५. मुलीला काही ठेवलेले नाही. राग म्हणून नव्हे. वकील म्हणतात, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, आणि मला तिची साक्ष हवी आहे. मूल आईपासून तोडले की काय होते, हे या घरात माझ्याखालोखाल तिलाच ठाऊक. मोठी झाल्यावर तिला सगळे कळले, पण जिभेला वळण पडले ते पडले. आजही ती काकूच म्हणते. साक्षीदाराला सहीखाली आपले नाते लिहावे लागते. तिथे काय लिहायचे, हे मी तिला सांगितलेले नाही.

वरील सर्व मी स्वतः वाचले. एक शब्दही बदलायचा नाही.

लिहून ठेवणार: (सही)
ठिकाण: राहते घर, मागची खोली, दार उघडे.
दिनांक: नात तीन महिन्यांची झाली तो दिवस. आकड्यांतली तारीख वकिलांच्या शिक्क्याखाली आहे.

साक्षीदार १: (सही)
नाते: नाही. सुनेवर उपचार करणारी डॉक्टर.

साक्षीदार २: (सही)
नाते: "पुतणी" हा शब्द खोडून, मुलगी.

ही खाडाखोड माझ्यासमोर झाली. मला मान्य आहे. (सही)