बास्केटखालची जागा

४ मार्च, सोमवार

...आणि दूध उतू गेलंच! एका हातात इस्त्री, आम्हा दोघा पंचांचे दोन शर्ट, आणि हे ओट्यावर कपबश्या सरकवत मला मैदान समजावताहेत. "चेंडू तुझा. बास्केटखालची ढकलाढकली माझी. तू चेंडू सोडू नकोस." मी म्हटलं, नियमांच्या पुस्तकात तसं नाही. चेंडू ज्याच्या कोपऱ्यात त्याचा. दुसऱ्याने बाकीच्या पोरींवर नजर ठेवायची. हसले – "पुस्तक तू वाच, बास्केटखाली मी बघतो." त्या पहिल्या सामन्यापासून वर्षानुवर्षं तसंच निभावलं.

काल उपांत्य सामना. जोडीला दुसरा पंच ह्यांचाच चेला, विमा कचेरीतला कारकून. चेंडू त्याच्या कोपऱ्यात गेला, म्हणजे त्याचा. मी बास्केटखाली बघायला हवं होतं. चेंडूच बघत राहिले – हे आहेत ना तिथे!

ह्यांना जाऊन दीड वर्ष झालं.

किंकाळी ऐकून नजर वळवली. एक पोर खाली, ओठ फुटलेला. शेजारी सात नंबरची, हात वर करून. मी शिट्टी फुंकली. मुद्दाम मारलं म्हणून सातला बाहेर काढलं. "मॅडम, मी नाही! आईशप्पथ!"

ठामपणे बोट दाखवत होते मी. तेच बोट आज लपवावंसं वाटतंय.

५ मार्च

पुस्तकाचं ते पान उघडलं, मिटलं. पाठ आहे मला. पाठ!

६ मार्च, बुधवार

स्पर्धेच्या सचिवांनी बोलावलं. सातला शनिवारच्या अंतिम सामन्यात बंदी घालायची की नाही, ते ठरवायचं होतं. "तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"हो." गेलंच तोंडातून.

कारकुनाने माझ्याकडे पाहिलं. "मीही पाहिलं, साहेब."

बंदी घातली.

जिन्यात त्याला थांबवलं. "तू तर कोपऱ्यात बघत होतास ना?"

"चेंडू माझा होता, काकू." मान खाली. "पण तुमचा शब्द मी खोटा पाडू? सरांना काय वाटलं असतं?"

सरांना! जमीन दुभंगली असती तर बरं.

फाटकाशी सातची आई उभी. दवाखान्यात आया आहे, तशीच कामावरून आलेली. वाटलं, आता शिव्या घालणार. तर हात जोडून म्हणते, "चुकली पोरगी. कालच झोडपलीय तिला. अजून म्हणते, मी नाही मारलं. पण ताई, पंच कशाला खोटं बोलतील?"

मी म्हटलं, "येते मी." एवढंच म्हटलं!

जेवले नाही. ह्यांच्या फोटोकडेही पाहवलं नाही.

७ मार्च

सकाळी सचिवांना खरं सांगितलं. तिथून सातच्या घरी गेले. आईच्या देखत पोरीची माफी मागितली.

"मग मारलं कुणी?" आईने विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "तिथे बघायला कोणी नव्हतं."