मेहुणीच्या लग्नात माझी गिटार

२ एप्रिल, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. मोठे कलाकार लिहितात म्हणे. इलेक्ट्रिक गिटार घेऊन वर्ष झालं, पण नुसती वाजवली की टिंगटिंग. खरी ताकद कंप्यूटरमध्ये आहे, हे काल समजलं. गिटारची वायर एका डबीत, डबीची वायर कंप्यूटरमध्ये, की बोटं चुकली तरी आवाज शाही. कंप्यूटर माझ्या ऑनलाइन सेवा केंद्रात आहेच. अख्ख्या दिंद्रुडात असा सेटअप नाही. (चौकशी केलेली नाही.)
संकल्प: १ मे, आष्टी, मेहुणी बबिताचं लग्न. नवरा-नवरी माळा घालतील तेव्हा मी वाजवणार. आजवर त्या घरात मी एकटाच जावई. आता माऊली येतोय, पुण्याचा इंजिनियर. थोरला जावई काय चीज आहे, ते त्या दिवशी मांडवाला कळलं पाहिजे.

४ एप्रिल
सासऱ्यांना, म्हणजे आश्रुबा मामांना, फोनवर बेत सांगितला. आधी तीनदा खोकले. मग म्हणाले, तुमी म्हणताल तसं, जावईबापू. गहिवरले असावेत.

९ एप्रिल
डिस्टॉर्शन लावलं. आवाज असा फाटतो की अंगावर काटा येतो. शेजारच्या चतुराबाई ज्वारीचा डबा घेऊन आल्या, गिरणी चालू झाली का म्हणून. श्रोते वाढत आहेत.

१३ एप्रिल
किरकोळ अडचण. तार छेडली की आवाज थोडा मागून येतो. कंप्यूटर जुना, त्याला विचार करायला वेळ लागतो. उपाय: मीच थोडं आधी वाजवायचं. संगीता म्हणाली, मग आदल्या दिवशीच वाजवून ठेवा, लग्नात निवांत जेवता यील. बायकोला कलेतलं कळत नाही, पण हरकत नाही.

१९ एप्रिल
म्हाळू उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तिसऱ्यांदा आला. त्याला रिव्हर्ब, म्हणजे घुमणारा आवाज, ऐकवला. विहिरीत पडल्यावानी वाटतंय म्हणाला. अगदी बरोबर ओळखलं! दाखला उद्या.

२४ एप्रिल
डिले सापडला! एकदा वाजवलेलं पुन्हा पुन्हा ऐकू येतं. कमी मेहनत, जास्त संगीत. बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवलं आहे.
म्हाळूचा दाखला उद्या नक्की.

३० एप्रिल, आष्टी
साऊंडवाला शहादेव म्हणतो, मिक्सरला एकच जागा मोकळी हाय. मी म्हटलं, मग गुरुजींचा माईकसुद्धा माझ्या कंप्यूटरमधून जाऊ दे. मंगलाष्टकं शाही होतील. तो म्हणाला, नगं. मी म्हटलं, मी जावई आहे. विषय संपला.

१ मे, सकाळी ९
मुहूर्त १२.३५. मन एकदम शांत. तीनदा शर्ट बदलला.

१ मे, दुपारी ३
लोक उलटसुलट सांगतील म्हणून नीट लिहून ठेवतो. गुरुजींनी पहिलं मंगलाष्टक संपवलं, शुभमंगल सावधान म्हणाले. कंप्यूटर चोख: सावधान... सावधान... सावधान... सावधान... थांबेचना. आता सावधान ऐकलं की अक्षता टाकायच्या, ही रीतच. लोकांनी प्रत्येक सावधानला टाकल्या, पहिल्याच अष्टकात अक्षतांची ज्वारी संपली. बाहेर बँडवाले सावधान मोजत बसलेले असतात. पाच झाले, त्यांनी दणका दिला. बँड वाजला म्हणून मामांच्या भावकीने अंतरपाट ओढला. अंतरपाट गेला म्हणून माऊलीने माळ घातली. आणि माळ पडली म्हणून अर्धा मांडव पंगतीकडे पळाला. गुरुजी दुसरं पान उघडून तसेच उभे.
ठरल्याप्रमाणे मी वाजवलं. सगळं वाजवलं. बँडपुढे मलाच ऐकू आलं नाही.
तांत्रिकदृष्ट्या शंभर टक्के यश.

२ मे, दिंद्रुड
संगीता आष्टीपासून बोललेली नाही. प्रवासाचा शीण. निघताना सासूबाईंनी टॉवेल-टोपी दिली, आमचे जावई लई शिकलेले हायेत म्हणाल्या. बोलताना तोंडाला पदर का लावला होता कोण जाणे.

६ मे
मामांचा फोन! एकदम खुशीत. म्हणे, समदी अष्टकं एकातच उरकली, आमच्या घरातलं हे पयलंच लगीन मुहूर्तावर लागलं, पाव्हण्यांना वरण गरम मिळालं, समदे नाव काढतेत. भावकीत १८ तारखेला लग्न आहे, तिथे तुमची मशीन पायजेच म्हणतेत. दुकानातल्या दुकानात उडी मारली. म्हाळूने पाहिली. माऊलीला विचारलं का कोणी? नाही! संकल्प: रोज दोन तास सराव. या वेळी डिलेवर डिस्टॉर्शन.

१० मे
मामांचा पुन्हा फोन. तेवढा कंप्यूटर अन् डबी यष्टीनं धाडून द्या म्हणाले. चालवायला माऊली हाय. तुमी कावून तरास घेता, जावईबापू, एवढ्या उन्हात?
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. संगीतापुढे लपवता आलं नाही. दोघांनी मिळून खोकं बांधलं, कंडक्टरकडे दिलं. गिटार घरीच.
परत आल्यावर संगीता आपणहून बोलली. म्हणाली, लग्नात बँडमुळं मला बी ऐकू आलं न्हाई. आता मशीन गेली, आता नुसती वाजवा, मी ऐकते. ती समोर पाट घेऊन बसली. आयुष्यात पहिल्यांदा कोणी एवढं मन लावून ऐकत होतं. शेवटपर्यंत वाजवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं.
मग विचारलं, कंप्यूटर कधी वापस येणार हाय?