स्टेपनी बसली, अण्णाही बसले

आदरणीय दाजींना, त्यांच्या एकुलत्या एक मेहुण्याचा दोन्ही (ग्रीसने माखलेले) हात जोडून नमस्कार.

तुमची कंबर आता कशी आहे? इकडे ताई बरी आहे आणि तिचा आवाज तर ठणठणीत आहे. खाणीवर तुमचा फोन लागत नाही हे एरवी गैरसोयीचं, पण आज माझ्या पथ्यावर पडलं. पत्र वाचून तुम्ही ओरडलात तरी मला ऐकू येणार नाही. पत्र आणणारा लॉरीवाला साधा माणूस आहे, त्याच्यावरही ओरडू नका.

तर, ट्रकला हात लावायचा नाही असं तुम्ही जाताना बजावलं होतं. मी लावलाही नव्हता. पण तुमचे वडील, म्हणजे आपले अण्णा, तुम्ही गेल्यापासून ट्रकभोवती फेऱ्या मारत एकच धोशा लावून होते, की डोंगरात चढणाऱ्या गाडीची स्टेपनी पोटाखाली टांगणं हा शुद्ध गाढवपणा आहे, ती मागच्या दारावर हवी. बत्तीस वर्षं फिटर असलेल्या माणसापुढे मी काय बोलणार? (मी विमा विकतो.) शेवटी वेल्डरकडून स्टँड करून आणला आणि आज सकाळी कामाला लागलो. बोल्ट बाहेरून पिळायचे तर आतून नट धरायला कोणीतरी लागतं. अण्णा पाना घेऊन मागच्या बंद हौद्यात शिरले, मी दार लावलं, चारही बोल्ट आवळले. मग स्टेपनी चढवली (माझी पाठ अजून सरळ झालेली नाही) आणि चोरी नको म्हणून तुमचा तो कुलपाचा नट लावला, जो दाबला की बसतो आणि किल्लीशिवाय सुटत नाही. चार पावलं मागे जाऊन पाहिलं. काम देखणं झालं होतं. दाराची कडी स्टेपनीमागे पार झाकली गेली होती, त्यामुळे तर फारच नीटनेटकं दिसत होतं.

मग आतून टकटक झाली.

किल्ली विचारली तर अण्णा म्हणाले, ती मुलाच्या (म्हणजे तुमच्या) जुडग्यात गेली. म्हटलं, मग आतून स्टँडचे नट तरी सोडा. तर म्हणाले, "मी बसवलेलं काम मी उसवत नसतो." वेल्डर कटर घेऊन आला, त्याच्यावर ते आतून असे खवळले की तो कटर इथेच टाकून गेला. केबिनमागच्या सरकत्या काचेतून चहा, पेपर आणि एक उशी आत गेली आहे. ताई माझ्याशी बोलत नाही, म्हणजे फक्त ओरडते. तरी कृपा करून किल्ली याच लॉरीवाल्याबरोबर पाठवावी.

तुमचा,
(अजून तरी) मेहुणा

ता. क. अण्णा आतून सांगताहेत, किल्ली परक्याच्या हाती द्यायची नाही, मुलाने स्वतः आणावी.

आणखी एक ता. क. जुडगं शोधत बसू नका. आत्ता कप परत घेताना किल्ली अण्णांच्या शर्टाच्या खिशात दिसली. मी कप पुन्हा भरून आत दिला. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "त्याला जाऊन चौदा महिने झाले ना रे?" लॉरी संध्याकाळी परत फिरते, तिच्यातच बसा. हातात कुठलीही किल्ली असली तरी चालेल.