हिवतापाची वही

आश्विन व. ४, शके १८५१
कर्जतचे डॉक्टर येऊन गेले. दोन वर्षं अमेरिकेतल्या एका फंडाला पत्रं लिहिताहेत, आमच्या खोऱ्यातल्या हिवतापाचा अभ्यास करायला पैसे द्या म्हणून. सरकारनं हात वर केलेत. आता फंडाचे साहेब स्वतः येणार. मुलांची पोटं चाचपणार. डाव्या बरगडीखालची पानथरी या तापानं वाढते; तशी पुष्कळ सापडली तर पैसे. मग इथे दवाखाना, घरोघर तापावरचं कोयनेल. गावात नि वर ठाकूरवाडीत सांगायचं काम माझं. साहेब मुलं बघायला येणार, एवढं सांगून आले. चढ आता बाधतो.
माझ्या तापाच्या वहीची चौकशी केली. माझ्या लेकीला, यमूला, पहिली थंडी वाजली तेव्हापासून गावात कोणाला कधी ताप भरला ते लिहिते, एवढंच.

व. ९
पाटलांनी शाळेचा ओटा सारवून घेतला. तोरणही. "काकू, साता समुद्रापल्याडचा पाव्हना. गावाची अब्रू हाय." खरं तर मलाही उत्साह. चार पोरींच्या वेण्या घातल्या. यमूची फणी काढली होती.

व. १०
साहेब आले. ओळीनं पोटं चाचपली. एकाचीही पानथरी हाताला लागेना. डॉक्टरांचा चेहरा उतरत गेला. मी ओळ पाहिली. कोंडीचा धाकटा नाही, सुताराची दोन्ही नाहीत. पाटलांना हळूच विचारलं.
"आजारी पोरं व्हय? पहाटंच वाडीवर धाडली. पाव्हन्याम्होरं कुडकुडनारी उभी करायची? लाज नाय का?"
छाती काढून सांगितलं.
साहेब शहाळं प्यायले. अशी निरोगी मुलं पाहून आनंद झाला म्हणाले. डॉक्टरांनी ते खाली बघत मराठीत सांगितलं. गाडी गेली.
वही पिशवीत होती. पुरुषांत पुढे झाले नाही. व्हायला हवं होतं.

व. ११
डॉक्टर स्टेशनावरून परत आले. रागावले नाहीत. नुसतं पाणी मागितलं. साहेब पंधरा दिवस मुंबईत आहेत, अहवाल आगबोटीनं जायच्या आत काही हातात ठेवता आलं तर... वही मागितली. उतरून देते म्हटलं.
"उतरलेली कोण खरी मानणार, राधाबाई? तुमची शाई, तुमच्या खाडाखोडी, तेच हवं." परत मिळेलच असं नाही, तेही सांगितलं.
बघते म्हटलं.
यमूचे वडील गेल्यावर त्यांच्या शाळेच्या पुस्तकांवरून अक्षरं गिरवली, ती त्या वहीत कामी आली. यमूची पानं तीत आहेत. एक दिवसाआड थंडी. मग रोज. मग एक कोरं पान.

व. १२
पाटील दारात. पैसे का हुकले ते डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. "तवाच का नाय बोललीस गं काकू?"
"तुमची नात कुठे होती त्या दिवशी?"
पागोटं काढून हातात घेतलं. "वरच, वाडीवर."
उद्या गाडी जुंपतो, सगळी आजारी पोरं कर्जतला नेतो म्हणाले.

व. १३
नेली. गाडी पाटलांनीच हाकली. नातीची पानथरी बेंबीपर्यंत. रक्त काढायला बोट टोचलं तर पोरगी गप्प, रडले पाटील. सुताराची पोरं त्यांच्याकडे बघून हसत होती. डॉक्टरांनी सगळ्यांचं रक्त काचेवर घेतलं.

कार्तिक शु. २
वही दिली. डॉक्टर पानं उलटता उलटता थांबले.
"हे कोरं का?"
"त्या दिवशी लिहिलं नाही."
"साहेबांना पान चुकलंसं वाटेल. तारीख तरी घाला." दौत पुढे केली.
तारीख घातली. खाली लिहिलं, यमू गेली. दोन वर्षांत पहिल्यांदा. अक्षर नेहमीसारखंच आलं.
शाई वाळेपर्यंत डॉक्टरांनी वही उघडी धरली.

मार्गशीर्ष व. ६
उत्तर नाही. साहेबांनी वही नि काचा ठेवून घेतल्या, पण पैशाचं तिकडची मंडळी ठरवणार. डॉक्टर म्हणतात, वाट पाहू. दुसरं काय.
नवी वही शिवली. दोन दिवस तशीच फडताळात. आज पाटील आले, नातीला पुन्हा हुडहुडी भरलीय. ओट्यावर बसून राहिले.
"लिव्ह, काकू."
लिहिलं.